आठ नंबर

पालखी सासवडला येते त्या रात्री आम्ही दुकानाचं शटर ओढत नाही. ओट्यावर सतरंजी टाकतो, वायर ओढून बाहेर एक मोठा दिवा लावतो आणि आरी, रापी, मेणाचा दोरा, सोल्यूशनचा डबा घेऊन बसतो. वारकऱ्यांच्या तुटक्या चपला फुकट शिवून द्यायच्या, हा वडिलांनी घालून दिलेला पायंडा. त्यांचं आयुष्य चपला शिवण्यात गेलं, माझं बूट विकण्यात चाललंय. वर्षातले हे दोन दिवस मात्र आरी माझ्याही हातात असते. दिवेघाट चढून आलेल्या चपलेचा अंगठा बहुतेक एकाच जागी तुटलेला असतो, त्यामुळे फारसं डोकं लावावं लागत नाही. हात आपले चालत राहतात आणि डोळे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांवर असतात.

गेल्या वारीत रात्री साडेनऊच्या सुमाराला असंच बघत असताना एक चाल ओळखीची वाटली, पण बिघडलेली. उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती आणि डावं पाऊल बाहेरच्या कडेवर पडत होतं. मान वर केली तर आमचे मेव्हणे. बायकोचे थोरले भाऊ, वय ५४, ठाण्यात खुर्चीवरची नोकरी, आयुष्यातली पहिली वारी.

"दाजी, आधी पाणी द्या, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या," म्हणाले आणि सतरंजीवर बसले ते जवळजवळ कोसळलेच.

त्यातल्या निम्म्या शिव्या मला स्वतःलाच द्याव्या लागणार होत्या. पण ते मला तेव्हा आठवलं नव्हतं.

दर वर्षी शे-दीडशे तरी पाय डोळ्यांखालून जातात. फोड आलेले, सोललेले, नखं काळी पडलेले. पण बहुतेकांची गोष्ट मला शेवटाकडूनच कळते. या एका प्रकरणात बूट घेतल्यापासून पायाची नवी कातडी येईपर्यंतचं सगळं मला ठाऊक आहे, म्हणून ते लिहून काढतोय.

बूट कसे आले

प्रस्थानाच्या अकरा दिवस आधी त्यांचा फोन आला होता. रविवारची सकाळ, दुकानात शाळेच्या बुटांची गर्दी. "भाऊ, पटकन बोला," म्हटलं. ते म्हणाले, "दाजी, वारीसाठी स्पोर्ट्स शूज घेतोय. मला आठच लागतो ना?" मी एका हाताने पोराच्या बुटाची लेस बांधत म्हणालो, "आठच. डोळे झाकून घ्या."

का म्हणालो? कारण त्याआधीच्या दिवाळीत मीच त्यांना आठ नंबरचे चामडी फॉर्मल बूट दिले होते आणि ते छान बसले होते. आता फॉर्मल बूट म्हणजे पातळ मोजे, ऑफिसात बसून काम आणि स्टेशनपर्यंतचं चालणं. शिवाय प्रत्येक कंपनीचं कलबूत वेगळं. ज्या साच्यावर बूट चढवून शिवतात तो साचा जसा असेल तसं त्या बुटाचं पोट, आणि डब्यावर छापलेला आकडा त्या पोटाबद्दल काही सांगत नाही. वीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला हे माहीत नसतं असं नाही. गर्दी होती, बोलून गेलो.

त्यांनी ठाण्यातल्या एका मॉलमध्ये सकाळी अकराला बूट घेतले. ऑफिसचे पातळ मोजे घालून, स्टुलावर बसून. आरशापर्यंत गालिच्यावरून चालत गेले, परत आले. ३,९०० रुपये दिले आणि निघाले. मग पुढचे नऊ दिवस रोज रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं सोसायटीभोवती चकरा. सगळं मिळून तीन तास. कुठे टोचलं नाही, कुठे चावलं नाही. बूट पायात बसले, असं त्यांनी ठरवून टाकलं.

इथे जरा थांबायला हवं. चामड्याचा जोडा पायात बसतो, हे खरंच आहे. चामडं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचं जाळं. त्याला ऊब, दमटपणा आणि रोजचं वाकणं मिळालं की तंतू थोडे सरकतात आणि पायाच्या उंचवट्यांना जागा करून देतात. वडील नव्या कोल्हापुरीच्या अंगठ्याला आणि कानांना आतून तेल चोळून रात्रभर ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, पहिले आठ दिवस घरात अर्धा तास, मग गल्लीत, मग बाजारात. पाण्यात भिजवून सैल करायचा सल्ला कुणी दिलेला ऐकला की त्यांचा आवाज चढायचा. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. पाणी प्यायलं की ते फुगतं आणि वाळताना आखडून वेडंवाकडं होतं.

मेव्हण्यांच्या बुटात चामडं औषधालाही नव्हतं. वर जाळीचं कापड, त्यावर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, टाचेला कडक कप, खाली फोम. यात फोम काय तो थोडा दबतो, बाकी फारसं काही हलत नाही. असा बूट दुकानात जसा लागतो तसाच महिन्याभरानेही लागतो. "घालून घालून होईल सैल" हे वाक्य मी गिऱ्हाइकांना शेकडो वेळा ऐकवलंय. कापडी बुटांच्या बाबतीत ती चक्क थाप आहे.

मग त्या नऊ रात्रींचा उपयोग काय? व्हायला हवा होता. बूट सैल करायला नव्हे, बूट खोटा पाडायला. म्हणजे वारीत घालायचे तेच मोजे घालून, संध्याकाळी पाय सुजलेले असताना, सलग अडीच-तीन तास चालून बघायचं की हा कुठे दगा देतो. वीस मिनिटांत कुठलाच बूट आपले खरे गुण दाखवत नाही.

आळंदी ते सासवड

पहिल्या दिवशी आळंदीहून पुणे, एकोणतीसेक किलोमीटर. दिघी मागे पडली, विश्रांतवाडीच्या आसपास अकरा वाजता उजव्या टाचेला चुरचुरायला लागलं. "उदबत्ती लांबून धरावी ना, तसं," हे त्यांचे शब्द. मी विचारलं, "मग थांबलात का नाही?" तर ओळीत चालले होते. दिंडी पुढे, टाळ चाललेले, शेजारचा माणूस तिसाव्या वारीचा. नवखे म्हणून सकाळपासून जो तो विचारत होता, "माउली, जमतंय ना?" त्यात बाजूला होऊन फुटपाथवर बूट काढून बसायचं म्हणजे त्यांना कसंसंच वाटलं. बूट पायातून निघाले ते संध्याकाळी सहाला, भवानी पेठेत.

अकरा ते सहा. या प्रकरणातलं खरं नुकसान मला तरी त्या सात तासांत झालेलं दिसतं.

फोड कसा येतो ते आपल्या हाताच्या पंजावर बघता येतं. एका हाताच्या पाठीवर दुसऱ्या हाताचं बोट घट्ट टेकवा आणि बोट न घसरवता मागेपुढे करा. बोट आणि कातडी एकत्र हलतात, खालचं हाड जागच्या जागी. टाचेत उलटं होतं. कातडी मोज्याला आणि बुटाला धरून बसते आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला वरखाली होतं. ही ओढाताण हजारो वेळा झाली की कातडीच्या वरच्या थराच्या आतच एक फट पडते, मग तिच्यात पाणी भरतं. म्हणून फोड वरून घासून येत नाही, आतून फाटून येतो. दमट कातडी मोज्याला जास्त चिकटते, त्यामुळे घामाने किंवा पावसाने ओढाताण आणखी वाढते. चुरचुर लागते ती फट पडायच्या आधी. तेवढ्यात बूट काढला, पाय कोरडा केला, त्या जागेवर पट्टी लावली आणि लेस नीट बांधली, तर पुष्कळदा गोष्ट तिथेच मिटते. दहा मिनिटांचं काम.

पुण्यातल्या मुक्कामाच्या दिवशी टाचेवर लालसर चट्टा आणि हरभऱ्याएवढा चपटा फोड होता. विश्रांतीचा दिवस होता, मोकळा पाय ठेवून चटईवर पडले असते तर बरं होतं. त्याऐवजी मेव्हणे मेडिकलमध्ये गेले आणि ३५० रुपयांचा जेलचा इनसोल घेऊन आले. तो मूळ इनसोलच्या वर ठेवला. टाचेला बँडेडची पट्टी चिकटवली आणि पायांवर, मोज्यांत सढळ हाताने पावडर भुरभुरवली.

मला हे सगळं सांगताना ते इनसोलबद्दल जरा अभिमानानेच बोलत होते. गादी म्हणजे आराम, हा हिशोब. पण बुटातली जागा ठरलेली असते. आत चार-पाच मिलिमीटर जाडीचं काही घातलं की पाय तेवढा वर उचलला जातो. वर उचललेली टाच कपाच्या खोलगट भागातून निघून त्याच्या काठावर आली. पुढे बोटांच्या डोक्यावरचं छप्पर खाली आलं. पायाच्या वरच्या भागावर दाब यायला लागला म्हणून त्यांनी लेस ढिली केली. लेस ढिली झाल्यावर टाच आणखी उचलायला लागली. आधीच तोकडा असलेला बूट आता तोकडाही झाला आणि ढिलाही.

आणि पुढचा दिवस पुणे ते सासवड. सगळ्या वारीतला लांबचा टप्पा, बत्तीसेक किलोमीटर, त्यात दिवेघाट. पहाटे निघाले, हडपसरपर्यंत ठीक. उरुळी देवाचीच्या पुढे पावसाची भुरभुर सुरू झाली आणि वडकी नाल्यापासून चढ. चढावर प्रत्येक पावलाला टाच बुटातून निघू बघते. सुती मोजे चिंब. पावडरीचा चिखल. बँडेडची पट्टी एका कडेने सुटून गुंडाळली गेली आणि तिची वळकटी त्याच जागेवर रगडत राहिली. घाटमाथ्यावर आले तेव्हा त्यांनी एकदा बूट काढायचा विचार केला. "पण काढला तर परत घालता येणार नाही असं वाटलं, दाजी." हे मात्र त्यांचं बरोबर होतं.

दिव्याखाली

मी बूट काढले. लेस पूर्ण ओवून बाहेर घेतली, मग जीभ ओढून बूट पायातून सोडवला. उजव्या पायाचा मोजा टाचेला चिकटलेला होता. तो ओढला असता तर कातडी हातात आली असती. तांब्याभर पाणी ओतून भिजवला आणि हळूहळू सोडवला.

टाचेमागे दहा रुपयांच्या नाण्याएवढा फोड, टरारलेला, खालच्या कडेला फुटलेला. पाणी स्वच्छ होतं, पू नव्हता. आजूबाजूची कातडी पांढरी, सुरकुतलेली, दिवसभर भांडी घासलेल्या बोटांसारखी. डाव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला लहान फोड, न फुटलेला. दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटाची नखं जांभळी. करंगळ्या आत दुमडल्यासारख्या.

चार खुणा, पण सगळ्या एका कारणाच्या नाहीत, आणि मला तेच बघायचं होतं. टाच उचलत होती म्हणून मागचा फोड. बूट रुंदीला कमी म्हणून अंगठ्याचा फोड आणि दबलेल्या करंगळ्या. लांबीला कमी म्हणून नखं. "बूट चावला" हे एकच वाक्य या सगळ्याला पुरत नाही.

बायको तोवर मिठाच्या गरम पाण्याची बादली घेऊन आली. मी म्हटलं, धुऊ, पण भिजत ठेवायचे नाहीत. कातडी आधीच भिजून लिबलिबीत झाली होती, तिला आता वाळू द्यायचं होतं. सासूबाई सुईत दोरा ओवून तयार. फोडातून दोरा आरपार काढायचा आणि आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं. वारीत हा उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि त्याने पाणी जातंही. पण ज्या वाटेने पाणी बाहेर जातं त्याच वाटेने रस्त्यावरची घाण आत येते. सासूबाईंना तसं म्हणायची हिंमत मला झाली नाही. "आई, उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवू, ते म्हणाले तर दोरा," एवढंच म्हणालो. त्यांनी सुई पदराला टोचून ठेवली.

मी एकच प्रश्न विचारला, "भाऊ, साखर?" मार्चमध्ये तपासली होती, नव्हती. असती तर मी त्यांना रात्रीच दवाखान्यात नेलं असतं. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, जखम भरायला वेळ लागतो, आणि असा फोड बघता बघता चिघळतो. अशा माणसाने फोडाला घरी सुई लावूच नये.

पाय धुऊन, पुसून झाल्यावर मी मापाची फळी आणली. उभं केलं, दोन्ही पायांवर सारखा भार. उजवा साडेआठ. डावा नऊ.

"नऊ? कधीपासून?" ते फळीकडे असे बघत होते जसा काही तिनेच घोटाळा केलाय.

बसलेल्या माणसाचा पाय आणि उभ्या माणसाचा पाय यांत फरक पडतो, कारण भार आला की कमान दबते आणि पाऊल पसरतं. दिवसभर चाललेला पाय सुजतो. वयाबरोबर पावलाचे बंध सैल होतात, तो फरक वेगळा. आणि आपल्या आकड्यांच्या पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, जेमतेम साडेआठ मिलिमीटर. चालताना बोटांपुढे निदान अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. तिथे साडेआठ मिलिमीटर कमी पडले तर राहिलं काय?

रुंदीचं दुखणं तर आपल्या सगळ्यांचंच. आपण वापरतो ते नंबर इंग्रजांचे. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात ७९ ठिकाणी एक लाखावर लोकांचे पाय त्रिमितीय यंत्रावर मोजले. त्यातून दिसलं की भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा सरासरीने रुंद आहेत, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवली गेली. बोटं दबतात म्हणून लांबीत एक नंबर वाढवून घ्यायचा आणि मग टाच ढिली पडते म्हणून लेस करकचून आवळायची, हे आपल्याकडे दुकानादुकानात रोज चालतं. मीही तेच करून देतो, कारण रुंद साच्याचे बूट माझ्याकडे पुरेसे येत नाहीत.

मुक्कामाचा दिवस

सासवडला पालखीचा एक दिवस जादा मुक्काम असतो, ते नशीब. सकाळी आरोग्य शिबिरात गेलो. डॉक्टर तरुण होते, रात्रभर पायच बघत असावेत. त्यांनी फुटलेला फोड स्वच्छ केला, पण वरची कातडी काढली नाही, तशीच खाली बसवली. "ही सगळ्यात चांगली पट्टी आहे, हिला हात लावायचा नाही." वर मलम आणि न चिकटणारं ड्रेसिंग. अंगठ्याचा लहान फोड दुखत नव्हता, तो तसाच राहू दिला. फार ठणकला तरच, आणि तेही निर्जंतुक सुईने कडेला एक भोक पाडून पाणी काढायचं, छप्पर ठेवायचं. दोऱ्याचं विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. लाली पसरली, पू दिसला, ताप आला तर पुढच्या मुक्कामाला लगेच शिबिर गाठायचं.

घरी आल्यावर खरी लढाई. मेव्हण्यांना उद्या जेजुरीपर्यंत चालायचं होतं, आणि याच बुटांत. ३,९०० रुपये दिलेत, टाकून देऊ का? मी जेलचा इनसोल काढला, लेस वेगळ्या तऱ्हेने ओवून दिली. बहुतेक स्पोर्ट्स शूजना घोट्याजवळ एक जादा भोक असतं आणि लोक ते मोकळंच सोडतात. त्यातून लेसचा फासा केला की टाच कपात धरून राहते. त्याने टाचेचं उचलणं खरंच कमी झालं. बोटं मात्र तशीच टेकत होती. चामड्याचा बूट मी लाकडी साच्यावर चढवून दोन-चार मिलिमीटर रुंद करून देतो, पण हे कापड साचा काढला की परत जागेवर. आणि लांबी तर कुठल्याच बुटाची वाढत नाही.

माझं सांगून झालं, त्यांचं ऐकून झालं. शेवटी बायको बाहेर आली. "दादा, ते बूट इथेच राहतील," म्हणाली आणि उचलून माळ्यावर टाकले. विषय संपला.

त्यांच्या पिशवीत आंघोळीला जाता-येता घालायला म्हणून चार वर्षं वापरलेले सँडल होते. तळ झिजलेला पण पायाचा ठसा स्पष्ट उमटलेला, बोटं पुढे मोकळी. अडचण एकच, मागचा पट्टा बरोबर जखमेवर येत होता. मी तो उसवला, बोटभर वर सरकवून शिवला आणि आतून जुन्या फोमचा तुकडा लावला. अर्ध्या तासाचं काम. इतक्या वर्षांत माझ्या हातची याहून उपयोगी दुरुस्ती दुसरी झाली नसेल.

आता चालायचं कधी? कातडीचं वेळापत्रक आपल्या हातात नाही. फोड आल्यावर साधारण सहा तासांत तळाच्या पेशी कामाला लागतात, दोन दिवसांत नव्या थराची सुरुवात दिसते, वरचा टणक थर यायला पाचेक दिवस लागतात. सासवडच्या रात्रीपासून पाच दिवस मोजले तर लोणंद ओलांडून जावं लागत होतं. म्हणून ठरलं ते असं की जेजुरी, वाल्हे आणि लोणंद हे तिन्ही टप्पे दिंडीच्या ट्रकमधून, सामानाच्या वळकट्यांवर बसून. चालणं सुरू करायचं ते लोणंद ते तरडगाव. तो टप्पा आठेक किलोमीटरचाच, आणि त्यात चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण. पाय तेवढं तरी बघू दे, म्हणून ते तयार झाले. रुसूनच.

निघताना पेपर टेपची दोन रिळं दिली. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी, डॉक्टर सलाइनची सुई धरून ठेवायला वापरतात तीच साधी कागदी चिकटपट्टी. २०१६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाळवंटी मुलखातून टप्प्याटप्प्याने अडीचशे किलोमीटर धावणाऱ्या १२८ जणांच्या पावलांच्या ठरावीक भागांना त्यांनी असली पट्टी लावली, त्याच पावलांचे बाकीचे भाग मोकळे ठेवले. पट्टीखाली फोड बरेच कमी आले. अडीचशे किलोमीटर म्हणजे आळंदी ते पंढरपूर, जवळजवळ तेवढंच, फक्त आपल्याकडे वाळूऐवजी डांबर आणि चिखल.

पट्टी लावायची पद्धत मी त्यांच्या अंगठ्यावर दाखवली. पहाटे, कोरड्या कातडीवर, खाली तेल नाही, पावडर नाही, व्हॅसलीन नाही. तुकड्याचे कोपरे कात्रीने गोल करायचे, म्हणजे मोज्यात अडकून सुटत नाहीत. एकही चुणी राहता कामा नये. आणि पट्टी फक्त धड कातडीवर. फोडाच्या छपरावर चिकटवली तर काढताना छप्पर घेऊनच येते. ज्यांना व्हॅसलीन आवडतं त्यांनी पट्टीच्या भानगडीत पडू नये. ते लावून पहिला तासभर पाय सरसर चालतो खरा, पण मग त्याचा असर उतरतो आणि परत लावावं लागतं. मोज्यांचे दोन थर, आत पातळ नायलॉनचा, बाहेर नेहमीचा, म्हणजे ओढाताण कातडीत होण्याऐवजी दोन मोज्यांमध्ये होते. सँडलमध्ये मोजे घातले म्हणून मेव्हण्यांना कुणीतरी हसलं म्हणे. हसू देत.

पुढे

रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर टाचेचा फोटो. ट्रकमधल्या तीन दिवसांत त्यांची खरी तडफड झाली. नीरेच्या पुलाजवळ पादुकांचं स्नान चालू असताना मी फोन केला तर म्हणाले, "सगळे नदीत आणि मी बटाट्याच्या पोत्यावर." तरडगावच्या रात्री आलेल्या फोटोत जुनं छप्पर वाळून कडांनी सुटत होतं आणि खाली नवी गुलाबी कातडी होती. फलटणचा टप्पा मोठा, एकवीसेक किलोमीटर. त्यात अकराच्या सुमाराला डाव्या करंगळीला चुरचुर लागली. या वेळी ते ओळीतून बाहेर पडले, लिंबाखाली बसले, मोजे काढले, पाय पंच्याने पुसला, पट्टी लावली. शेजारचा तिसाव्या वारीचा माणूस त्यांच्याबरोबर बाहेर पडला आणि तोही चपला काढून बसला. त्याच्याही तळपायाला कधीपासून काहीतरी बोचत होतं, एवढंच की तोही कुणाला बोलला नव्हता.

वाखरीला पोचले तेव्हा नवा फोड नव्हता. नखं मात्र गेली. डावं श्रावणात निघालं, उजवं गणपतीत.

दुकानात मी एक बदल केलाय. फोनवर नंबर सांगत नाही. संध्याकाळी या, तुमचे मोजे घेऊन या, दोन्ही पाय उभ्याने मापतो आणि मोठ्या पायाचा बूट देतो. बरीच गिऱ्हाइकं वैतागतात. "अहो, मला सात लागतो, वीस वर्षं सातच घालतोय," म्हणत फळीवर पाय ठेवायला नकार देतात, आणि त्यातली काही पलीकडच्या दुकानात जातात. सकाळच्या वेळेला शाळेच्या बुटांची गर्दी असली की माझ्याकडूनही नियम मोडतो, ते कबूल.

मेव्हणे मार्गशीर्षात आले, पुढच्या वारीचे बूट घ्यायला. सात महिने आधी. बसस्टँडपासून मुद्दाम चालत, जाडे मोजे घालून, संध्याकाळी सहाला. फळीवर उभे राहिले, डावा नऊ. नऊचा जोडा काढला, तासभर दुकानात आणि बाहेर गल्लीत फिरायला लावलं, मगच बिल केलं. निघताना मी माळ्यावरच्या त्या जुन्या जोड्याचं विचारलं, घेऊन जाणार का?

"तो कधीच नेला की, दिवाळीत. पोराला दिला. तो रोज कॉलेजला घालतो, म्हणतो एकदम बरोबर बसतो."

"त्याचा नंबर किती?"

"आठ," मेव्हणे म्हणाले. मग थोडं थांबून, "असेल."